शिवी स्वीकारू नका, अन्याय सोसू नका



वैशाख पौर्णिमेची वंदना आटोपली, खीरदान झाले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. तरी आमच्या विहारात एक तरुण तसाच बसून राहिला. त्याची आई दाराशी उभी होती. शेवटी तीच पुढे येऊन म्हणाली, "काका, याला जरा समजावून सांगा. कॉलेज सोडतो म्हणतो."

हा मुलगा त्यांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचणारा पहिलाच. दूरच्या एका शहरात तो अभियांत्रिकी शिकतो. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलांनी त्याला प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारला. क्रमांक विचारण्यात गैर ते काय, असे कोणी म्हणेल; परंतु तो कशासाठी विचारला जातो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. त्याने क्रमांक सांगितला. "अच्छा, कोट्यातला!" असे उत्तर आले. त्या दिवसापासून त्याचे नाव 'सरकारी जावई' पडले. प्रयोगशाळेत त्याला जोडीला कोणी घेईना. टेबलावर ठेवलेली बाबासाहेबांची तसबीर एके दिवशी कपाटामागे पडलेली सापडली. तोंडी परीक्षेत एका प्राध्यापकांनी आधी आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग विषयावर एकच प्रश्न विचारून त्याला बाहेर पाठवले.

आईचे म्हणणे साधे होते. "गप बसून शिकून घे, राजा. पदवी हातात आली की कोण विचारतंय?"

मुलगा मात्र म्हणाला, "काका, मला दोन प्रश्न पडले आहेत. भगवंतांनी क्षमा करायला सांगितली आहे. मग मी तक्रार केली, तर बौद्ध म्हणून मी कमी पडलो का? आणि तक्रार न करता गप बसलो, तर बाबासाहेबांचा अनुयायी म्हणून कमी पडलो का?"

बंधूंनो, हा प्रश्न एका मुलाचा नाही. आज आपल्या हजारो मुलामुलींच्या मनात तो आहे. काही तो बोलून दाखवतात, बरेच मनात ठेवतात. आणि काहींच्या बाबतीत आपल्याला तो कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून त्या रात्री त्याला जे सांगितले, ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

पहिला बाण आणि दुसरा बाण

भगवंतांनी एक दृष्टांत दिला आहे. एका माणसाला बाण लागतो. त्याला वेदना होते. ही वेदना शरीराची आहे, ती कोणालाही चुकत नाही. परंतु अज्ञानी माणूस तेवढ्यावर थांबत नाही. तो शोक करतो, छाती पिटतो, मनातल्या मनात जळत राहतो. म्हणजे एका बाणाच्या जखमेवर त्याला दुसरा बाण लागतो. ज्ञानी श्रावकालाही पहिला बाण लागतोच; दुसरा मात्र तो लागू देत नाही.

'कोट्यातला' हा शब्द पहिला बाण आहे. तो दुसऱ्याने मारला. तो लागला, दुखले. दुखणे हा कमकुवतपणा नाही. आम्ही बौद्ध आहोत म्हणून आम्हांला दुखत नाही, असे सोंग घेण्याचे कारण नाही.

दुसरा बाण रात्री लागतो. अंथरुणावर पडल्यावर मुलगा स्वतःलाच विचारू लागतो, 'खरेच माझी येथे येण्याची लायकी आहे का? माझे इंग्रजी कच्चे आहे, माझे कपडे तसे आहेत, माझे गुण कमी आहेत. ते बोलतात ते खोटे तरी कसे म्हणू?' येथे शिवी देणारा झोपी गेलेला असतो. आणि त्याचे काम आपलाच मुलगा पुढे चालवत असतो. हा दुसरा बाण अत्यंत विषारी आहे. शेकडो वर्षे आपल्या बापजाद्यांना असेच शिकवले गेले, की तुझे दुःख हे तुझ्याच मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जे टाकून आलो, ते नुसते देव टाकून आलो नाही. आपल्या अवनतीचे कारण आपल्यातच आहे, ही समजूतही तेथेच टाकून आलो. ती समजूत वसतिगृहाच्या खोलीत पुन्हा पाठीवर घेऊ नका.

बडोद्याच्या बागेत

दोष आपल्यात नाही, याचा पुरावा हवा असेल तर बाबासाहेबांचे चरित्र पाहा. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ग्रंथालयाचे दार त्यांच्यासाठी उघडे होते, प्राध्यापक त्यांना विद्यार्थी म्हणून वागवीत होते, भोजनाच्या टेबलावर त्यांची जात कोणी विचारीत नव्हते. त्यांनी तेथे अठरा-अठरा तास अभ्यास केला. १९१७ साली तोच माणूस, तीच बुद्धी आणि त्याहून अधिक विद्या घेऊन बडोद्याच्या नोकरीत आला. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव खोलीच्या दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही कारणे सांगितली. अखेर गाडीच्या वेळेपर्यंत ते बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या प्रसंगाची आठवण झाली की इतक्या वर्षांनीही डोळ्यांत पाणी येते, हेही त्यांनी लपवलेले नाही.

आता विचार करा. न्यूयॉर्कला लायक असलेला माणूस आगबोटीतून उतरताच नालायक कसा झाला? माणूस बदलला नव्हता. पाहणारे डोळे बदलले होते. व्यंग त्या डोळ्यांत होते. तुमच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांतही तेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाबासाहेब रडले, हे खरे. त्यांनी बडोदा सोडले, हेही खरे. अश्रू येणे म्हणजे हार नव्हे, आणि एखादी जागा असह्य झाली म्हणून ती सोडणे म्हणजेही हार नव्हे. परंतु त्यांनी विद्या सोडली नाही. ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डॉक्टर ऑफ सायन्स झाले. पुढे ज्या मुलांना अशा बागेत बसण्याची पाळी येऊ नये, त्यांच्यासाठी त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. बागेतले ते अश्रू असे कामाला लागले.

पाहुण्यापुढचे ताट

आता शिवीचे काय करायचे ते पाहू. राजगृहाच्या वेळुवनात भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण रागाने लाल होऊन भगवंतांकडे आला. त्याला राग कशाचा होता? त्याच्याच गोत्रातला एक जण भिक्खू झाला होता. माणसाने धम्म स्वीकारला की कोणाला तरी राग येतो, ही गोष्ट अडीच हजार वर्षांची आहे! त्याने भगवंतांना वाटेल तशा शिव्या दिल्या. भगवंतांनी त्या ऐकून घेतल्या आणि विचारले की, तुझ्या घरी पाहुणे येतात का? तू त्यांच्यापुढे अन्न वाढतोस का? आणि त्यांनी ते घेतले नाही, तर ते कोणाचे राहते? ब्राह्मण म्हणाला, माझेच. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, मग तुझ्या या शिव्या मी घेतल्या नाहीत. त्या तुझ्याच राहिल्या.

हाच ब्राह्मण पुढे भिक्खू झाला, हे विसरू नये.

शिवी न स्वीकारणे म्हणजे काय? 'सरकारी जावई' म्हटल्याबरोबर धावून जाऊन हातापायी करणे, म्हणजे ते ताट हिसकावून घेऊन जेवायला बसणे आहे. आणि खाली मान घालून 'मी आहेच तसा' असे मनात म्हणणे, म्हणजे तेच ताट चोरून खाणे आहे. दोन्ही प्रकारांत विष पोटात जाते. स्थिर नजरेने पाहून, आवाज न चढवता, "माझा प्रवेश संविधानाने दिलेल्या हक्काने झाला आहे. मला माझ्या नावाने हाक मारा," एवढे सांगून आपल्या कामाला लागणे, याला न स्वीकारणे म्हणतात. हे पहिल्या दिवशी जमत नाही. आरशासमोर उभे राहून, खोलीत एकटे असताना, हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. यात लाजण्यासारखे काही नाही. धम्म हा अभ्यासानेच अंगी येतो.

परंतु येथे एक मोठा गैरसमज होतो, आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे मूळ त्यातच होते. शिवी ही दुसऱ्याने पुढे केलेली वस्तू आहे. ती घ्यायची की नाही हे आपल्या हाती आहे. तोंडी परीक्षेचे गुण, शिष्यवृत्तीचे पैसे, प्रयोगशाळेतली जागा, मार्गदर्शकाची सही, वसतिगृहाची खोली ही मात्र पाहुण्यापुढे वाढलेली ताटे नाहीत. ती आपली आहेत. ती कोणी अडवली, तर तेथे 'मी स्वीकारले नाही' या म्हणण्याला अर्थच उरत नाही. तेथे मागणे आणि मिळवणे हाच धर्म आहे. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले, ते याच न्यायाने. पाणी कोणाचे देणे नव्हते, ते सर्वांचे होते.

क्षांती म्हणजे गप बसणे नव्हे

मग क्षांती कोठे राहिली? क्षांतीची कथा सांगायची तर आपल्या महाराष्ट्रातलीच सांगतो. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरान्त देशी जायला निघाला. हा पुण्ण सुप्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी होता असे अट्ठकथा सांगते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ज्या सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला, तेच हे सोपारे. भगवंतांनी त्याला विचारले की, तेथील लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? तो म्हणाला, हात उगारला नाही म्हणून त्यांना भले म्हणेन. हात उगारला तर? ढेकळे मारली तर? काठ्या मारल्या तर? प्रत्येक प्रश्नाला पुण्णाने शांतपणे उत्तर दिले, आणि भगवंतांनी त्याला जाण्याची अनुज्ञा दिली.

ही कथा सांगून काही लोक म्हणतात, पाहा, मार खावा पण बोलू नये. परंतु कथेचा शेवट ते सांगत नाहीत. पुण्ण तेथे गेला आणि त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका तयार केल्या. तो सोसण्यासाठी गेला नव्हता, तो कामासाठी गेला होता. कामात ढळू नये म्हणून त्याने क्षांतीचे चिलखत घातले होते. चिलखत घालून माणूस घरी बसत नाही.

विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ आठवा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, परीक्षाही दिल्या. साडेपंधरा वर्षे मागणी न सोडणे, याला मी क्षांती म्हणतो. पहिल्याच वर्षी गप बसले असते, तर त्याला क्षांती कोणी म्हटले नसते.

मुलाच्या घशातला खडा

भगवंतांकडे अभय नावाचा राजकुमार आला होता. त्याच्या मांडीवर लहान मूल होते. भगवंतांनी विचारले की, या मुलाने खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, एका हाताने डोके धरीन, बोट वाकडे करून खडा बाहेर काढीन. रक्त आले तरी काढीन, कारण मला या मुलाची करुणा आहे. तथागताचे कठोर बोलणेही असेच असते, असे भगवंतांनी त्याला समजावले. ते सत्य असते, हिताचे असते आणि योग्य वेळी असते.

जातीयता हा त्या प्राध्यापकांच्या आणि त्या मुलांच्या घशात अडकलेला खडा आहे. तो तसाच राहिला तर तो त्यांनाही माणूस होऊ देणार नाही, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या आपल्या आणखी दहा मुलांचा जीव घेईल. योग्य ठिकाणी केलेली खरी तक्रार म्हणजे तो खडा काढण्याचा प्रयत्न होय. थोडे रक्त येईल. त्याला इलाज नाही. सूडाने केलेली तक्रार आणि करुणेने केलेली तक्रार यांचा कागद एकच असतो. मन निराळे असते.

दुसऱ्यावर आरोप ठेवणाऱ्याने आधी स्वतःला पाच गोष्टी विचाराव्यात, असे सारिपुत्तांनी भिक्खूंना सांगितले आहे. मी योग्य वेळी बोलत आहे ना? खरे तेच बोलत आहे ना? भाषा सौम्य आहे ना? हितासाठी बोलत आहे ना? मनात मैत्री ठेवून बोलत आहे ना? अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही पाच कलमे आजच्या तक्रार अर्जालाही तंतोतंत लागू पडतात. ती कशी, ते सांगतो.

घडलेली गोष्ट त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, समोर कोण कोण होते. जे शब्द उच्चारले तेच लिहा. एक शब्द वाढवू नका. आपले चौथे शील येथे आपले सर्वांत मोठे शस्त्र आहे, कारण एक अतिशयोक्ती सापडली तर दहा खऱ्या गोष्टी खोट्या ठरवल्या जातात. फोनवर आलेले संदेश पुसून टाकू नका. तोंडी तक्रार करून थांबू नका. अर्ज लेखी द्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊन या. शक्यतो एकट्याने जाऊ नका. एक समजूतदार मित्र किंवा वडीलधारे माणूस बरोबर न्या. एका टेबलावर काम झाले नाही, तर त्या अर्जाचा क्रमांक लिहून वरच्या टेबलावर जा.

कायदा काय आहे, हेही आपल्या मुलांना पाठ असले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरुद्ध नियम केले. २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांतील समतेसाठी नियमावली काढली, आणि समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून आपल्या संस्थेत आज कोणता नियम लागू आहे आणि अधिकारी कोण आहे, हे प्रवेश घेतल्याच्या पहिल्या महिन्यातच कार्यालयात विचारून लिहून ठेवा. मुलींच्या लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असते. जातीवरून चारचौघांसमोर अपमान करणे, धमकावणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आपण बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे. जातीचे प्रमाणपत्र व्यवस्थित ठेवा. धम्माने आपण जात सोडली आहे. परंतु जातीवरून होणारा अत्याचार सिद्ध करण्यासाठी तो कागद लागतो.

आजारी भिक्खूची खोली

आता सर्वांत महत्त्वाचे. एकदा भगवंत आनंदासह विहारात फिरत असता एका खोलीत गेले. तेथे पोटाच्या आजाराने जर्जर झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याची विचारपूस करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग सर्व भिक्खूंना बोलावून सांगितले की, येथे तुमचे आई नाहीत, बाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार?

वसतिगृहात तरी कोणाचे आईबाप असतात?

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आपले जीवन संपवले. चार सोबत्यांसह त्याला वसतिगृहातून काढले होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी गेल्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या घरच्यांनी केला आणि खटला उभा राहिला. ही मुले गुणी होती, कष्टाळू होती. समाजाचे हे नुकसान कशानेही भरून येणारे नाही. रोहितच्या आई राधिका यांनी आणि भावाने १४ एप्रिल २०१६ रोजी दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे २०१९ साली राधिका वेमुला आणि पायलच्या आई आबेदा तडवी, या दोघी माता मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आमच्या मुलांसारखे दुसऱ्यांच्या मुलांचे होऊ नये, यासाठी नियम खरोखर अमलात आणा, ही त्यांची मागणी होती. आपले मूल गेल्यावर दुसऱ्यांच्या मुलांसाठी उभे राहणे, यापेक्षा मोठी करुणा कोणती?

तरुण मित्रांनो, तुम्हांला कळकळीने सांगतो. जीव देणे हे कोणत्याही अन्यायाला उत्तर नाही. 'आता सहन होत नाही' असे ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी खोलीत एकटे राहू नका. मित्राला उठवा, मध्यरात्र असली तरी उठवा. घरी फोन करा. सरकारने मानसिक आधारासाठी १४४१६ हा मोफत क्रमांक ठेवला आहे, त्यावर बोला. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा. तापावर औषध घेतो तसे मनाच्या दुखण्यावरही घ्यावे. त्यात धम्म आड येत नाही. परीक्षा पुन्हा देता येते, कॉलेज बदलता येते, पदवी एका वर्षाने उशिरा मिळाली तरी चालते. तुम्ही मात्र आम्हांला पुन्हा मिळणार नाही.

आणि जे विद्यार्थी त्या संस्थेत आधीपासून आहेत, त्यांनी नव्याने आलेल्यांची पहिल्या आठवड्यात विचारपूस करावी. जो जेवायला येत नाही, वर्गात दिसत नाही, त्याची खोली ठोठवावी. कल्याणमित्रता हा धम्ममार्गाचा अर्धा भाग आहे असे आनंद म्हणाला, तेव्हा भगवंतांनी त्याला सुधारले. तो अर्धा नव्हे, संपूर्ण मार्ग आहे असे सांगितले. आठवड्यातून एक संध्याकाळ चार जणांनी एका खोलीत बसावे, त्रिसरण-पंचशील घ्यावे, अभ्यासातले अडलेले एकमेकांना सांगावे, मनातलेही सांगावे. एवढ्याने अनेक जीव वाचतील.

पालकांना एवढेच सांगतो. 'गप बस' म्हणू नका. तुमची भीती मला कळते. तुम्ही पोटाला चिमटा काढून मुलाला पाठवले आहे. परंतु 'गप बस' ऐकले की मूल दुसऱ्यांदा तुम्हांला काही सांगत नाही. 'काय झाले ते सगळे सांग, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत,' एवढे म्हणा. इंग्रजी येत नसले तरी हे म्हणता येते.

वैर नको, विस्मरणही नको

रागाविषयी थोडे. अन्याय पाहून जो संताप येतो, तो माणूस जिवंत असल्याची खूण आहे. परंतु तो मनात मुरला की त्याचे वैर होते. मग 'ती सगळीच जात तशी' असे वाटू लागते, पुस्तक उघडले तरी तोच चेहरा दिसतो, आणि छळणारा काही न करता आपले वर्ष खातो. यासाठी रोज रात्री वीस मिनिटे मैत्रीभावना करा. तिची सुरुवात स्वतःपासून असते, हे लक्षात ठेवा: मी सुखी होवो, मी निर्भय होवो. ज्याला दिवसभर तुच्छ लेखले गेले, त्याने स्वतःविषयी मैत्री बाळगणे हीच पहिली क्रांती आहे. मग मित्र, मग तटस्थ माणूस, आणि शेवटी तो वैरी. वैऱ्यापाशी मन अडले तर अडू द्या, जबरदस्ती करू नका. उद्या पुन्हा बसा. मैत्रीभावना केली म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही. उलट हात न थरथरता ती लिहिता येते.

शेवटी आपल्याच अंगणात डोकावू. माणूस जन्माने नीच होत नाही, कर्माने होतो, असे भगवंतांनी वसल सुत्तात सांगितले. हा न्याय आपल्यालाही लागू आहे. आपली मुले वसतिगृहात मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या जमातीच्या मुलाला बरोबरीने वागवतात का? वर्गातल्या मुलीची टवाळी चालली असता गप्प बसतात का? धाकट्याचे रॅगिंग करतात का? आपण खाल्लेला मार दुसऱ्याला देणारा माणूस बाबासाहेबांचे नाव घेण्यास पात्र नाही.

त्या मुलाला मी हे सर्व सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "म्हणजे काका, दोन्ही एकच आहे?" मी म्हटले, "होय बाळा. मनात शिवीला जागा द्यायची नाही, हा बुद्धाचा धम्म. जगात अन्यायाला जागा द्यायची नाही, हाही बुद्धाचाच धम्म. बाबासाहेबांनी आपल्याला एकच वाट दाखवली. एका पायाने ती चालता येत नाही."

त्याने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "अर्ज मराठीत लिहिला तर चालतो का हो? मग मलाही वाचता येईल."

त्याच रात्री विहारात बसून आम्ही अर्जाचा पहिला खर्डा केला. तारखा त्याला पाठ होत्या. सोमवारी तो परत गेला; सोबत मामा गेले. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. निकाल अजून लागायचा आहे. बाबासाहेबांची तसबीर पुन्हा टेबलावर आली आहे, आणि परीक्षेचा अभ्यास चालू आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.